दोन बोटं खाली

चुंबकरावांना खोटं बोलता येत नसे, एवढं आधी ध्यानात ठेवा. पुढचा सगळा घोळ त्यावरूनच झाला.

चुंबकराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. जुन्या गाड्या पारखणं हा त्यांचा धंदा. कोणी म्हणालं, माझ्याकडे बापजाद्यांच्या काळातली गाडी आहे, सगळी मूळची, एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही, की घेणारा आधी चुंबकरावांना धाडायचा. ते जायचे, खिशातून फडक्यात बांधलेलं लोहचुंबक काढायचे आणि गाडीच्या अंगावरून फिरवायचे. खरा पत्रा असेल तर चुंबक टपकन चिकटायचं. पुट्टी भरून वर रंग फासलेला असेल तर ते ओघळून हातात यायचं. मग चुंबकराव मालकाकडे असे काही बघायचे, की मालक आपणहून म्हणायचा, "हां, तिथं जरा ठोकर लागली होती." साठी उलटली तरी त्यांच्या शब्दाला मान होता. ते अस्सल म्हणाले की अस्सल. नकली म्हणाले की शंभर शपथा घाला, नकली.

माणूस मोठा सुखी. अंगानं बुटका, पोट थोडं सुटलेलं, चेहरा कायम नुकतंच जेवण झाल्यासारखा. घरी बायको, तिच्याशी रोजचं एक गोड भांडण, आणि दारात स्वतःची एक छोटीशी, जुनाट पण धडधाकट गाडी. बुटकेपणामुळे ते सीट पार पुढे ओढून, पोट स्टेअरिंगला लावून बसायचे. बायको म्हणायची, "तुम्ही गाडी चालवत नाही, नेसता." संध्याकाळी दोघं खाऱ्या दाण्यांची पुडी घेऊन चक्कर मारायला निघत. अजून काय पाहिजे माणसाला?

खोडी म्हणाल तर दोन. गाडी बघताना मालकानं तोंड उघडलेलं त्यांना खपायचं नाही. "आधी गाडी बोलेल, मग मालक," असं म्हणून ते बोट वर करायचे. आणि दुसरी, डोळ्यांवर ते काडीचा विश्वास ठेवत नसत. "डोळा भुलतो, हात भुलत नाही." सगळं हातानं चाचपून, बोटांनी मोजून बघायचे. ही दुसरी खोडी त्यांनी आयुष्यात फक्त एकदा सोडली. कुठे, ते येईलच पुढे.

तर त्या दिवशी दुपारी त्यांना धाडलं होतं काचवाल्यांनी. काचवाले म्हणजे एक बडे शौकीन गृहस्थ. शहराबाहेर त्यांनी काचेच्या भिंतींचं एक दालन बांधलं होतं आणि आत जुन्या गाड्या ओळीनं मांडल्या होत्या. प्रत्येक गाडी लोखंडी घोड्यांवर चढवलेली, चाकं जमिनीपासून वर, टाकीत थेंबभर पेट्रोल नाही, दारं कायमची बंद. "माझ्या गाड्यांना आता चालायचे कष्ट नाहीत," असं काचवाले कौतुकानं सांगत. चुंबकराव मान डोलवत आणि मनात म्हणत, शवागार आहे झालं.

आभाळ भरून आलेलं होतं, पण पडत काही नव्हतं. झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं. गल्लीच्या अगदी टोकाला गाडीवाल्याचं घर, आणि घराच्या मागे पत्र्याचं गॅरेज. दार उघडलं ते एका म्हातारबाबांनी, भिंतीला हात लावून. जन्मभर त्यांनी चष्मे बनवले होते.

"सगळ्या गावाला डोळे दिले, आणि स्वतःचे गेले बघा," ते हसत म्हणाले. "आता फक्त उजेड कळतो. माणूस आलाय की कपाट, ते विचारावं लागतं."

"माणूसच आहे, काका," चुंबकराव म्हणाले. "पण रुंदी कपाटाची."

म्हातारबाबा खळखळून हसले. त्यांच्या मागून काकू आल्या. चांगल्या ताडमाड उंच; चौकटीतून येताना मान वाकवावी लागली. त्या मात्र हसल्या नाहीत. पहिल्या तारखेला दोघं भाचीकडे राहायला जाणार होते, तिसऱ्या मजल्यावर. घर विकलं होतं. नवा मालक गॅरेज पाडणार होता. गाडी काचवाल्यांना द्यायचा शब्द काकांनी देऊन टाकला होता, फक्त अस्सल निघाली पाहिजे, एवढीच अट.

"पण एक सांगायचं होतं..." काकू म्हणाल्या.

चुंबकरावांनी बोट वर केलं. "आधी गाडी."

गॅरेजात एक पिवळा दिवा होता. त्याच्या उजेडात ती गाडी उभी होती, गडद हिरवी, गोल खांद्यांची, डोळे मिटून बसल्यासारखी. चुंबकरावांना बघताक्षणीच बरं वाटलं. असं वाटलं की त्यांना कळायचं, बाई खानदानी आहे.

त्यांनी चुंबक फिरवलं. बोनेट, मडगार्ड, चारी दारं. टप, टप, टप. एकदाही ओघळलं नाही. इंजिनावरचा नंबर आणि चासीवरचा नंबर एकमेकांशी जुळला. दाराचं रबर नखानं उचलून खालचा रंग बघितला, तोच हिरवा. सीट हुंगली. आत काथ्या, जुना, कोरडा, मूळचा. चुंबकराव खुशीत गुणगुणायला लागले. आणि पुढच्या डाव्या सीटपाशी थबकले.

ती सीट पार पुढे ओढलेली होती, डॅशबोर्डाला टेकेल इतकी. खालची पट्टी त्यांनी बोटांनी चाचपली. मागच्या सगळ्या खाचांत गंज. पुढची एकच खाच घासून चकचकीत झालेली. म्हणजे सीट वर्षानुवर्षं इथेच. त्यांनी वळून काकूंकडे बघितलं. एवढ्या उंच बाईनं गुडघे नाकाशी घेऊन का बसावं? असेल एकेकाची सवय, म्हणून त्यांनी सोडून दिलं.

मग ते गाडीच्या मागे गेले, चार पावलं हटले, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

गाडी डावीकडे झुकलेली होती.

त्यांनी टायर आणि मडगार्डच्या मधल्या फटीत हात घातला. उजवीकडे सहा बोटं मावली. डावीकडे चार. दोन बोटं खाली. "पाटे बसलेत," ते स्वतःशी पुटपुटले. मागच्या चाकांवर पट्ट्यांच्या स्प्रिंगा असतात, त्यांना पाटे म्हणतात. वय झालं की एखाद्या बाजूचे दबतात. चटई अंथरून, बॅटरी घेऊन ते गाडीखाली सरकले. डावे पाटे बघितले, उजवे बघितले. दोन्ही मूळचे, एका आईची लेकरं, कुठे तडा नाही. टायरात हवा सारखी. जमीन सपाट. मग झुकायचं कारण काय?

ते उठले आणि आतली फरशी बघायला मागच्या डाव्या दाराच्या मुठीवर हात ठेवला.

"अहो, ते दार..." काकू झटकन पुढे आल्या.

बोट वर. "आधी गाडी, काकू."

दार उघडलं. क्षणभर काहीच नाही. मग आतून कर्रर्र असा आवाज आला, जुन्या खाटेवरून कोणी सावकाश उठावं तसा, आणि चुंबकरावांच्या डोळ्यांदेखत गाडीची डावी बाजू वर आली.

गॅरेजात एकदम शांत झालं. दिव्याभोवती फिरणारा किडासुद्धा कुठे बसला कोण जाणे. चुंबकरावांनी वाकून फटीत हात घातला. सहा बोटं. ते सरळ झाले, तेव्हा वास आला. पावसात भिजून सावलीत वाळलेल्या लोकरीच्या कोटाचा वास. आणि डाव्या खांद्याला गारवा लागला. दारातून वारं येतंय म्हणावं, तर गॅरेजचं दार उजव्या हाताला होतं. चुंबकरावांनी डावीकडे बघितलं नाही. का बघितलं नाही, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांनी नुसतं गाडीचं दार लावायला हात पुढे केला.

"थांबा..." काका हलकेच म्हणाले. "लावू नका... ते खाली उतरलेत."

"कोण?"

काका भिंत धरत धरत आले. त्यांनी दाराची कड हातात घेतली, जरासे वाकले, आणि रिकाम्या हवेकडे तोंड करून अगदी अदबीनं म्हणाले, "बसा."

कर्रर्र. गाडी खाली बसली. काकांनी लगेच दार लावून घेतलं.

चुंबकरावांनी फटीत हात घातला. चार बोटं. बराच वेळ त्यांनी तो हात बाहेर काढलाच नाही. आयुष्यभर ज्या हातावर विश्वास ठेवला, त्यानं आज हे सांगावं?

"आता बोलू का मी?" काकूंनी विचारलं.

चुंबकरावांनी मान हलवली.  काकूंनी तांब्याभर पाणी आणून दिलं आणि तिघं गॅरेजातल्याच बाकावर बसले, गाडीकडे तोंड करून.

"आम्ही गाडी घेतली, तेव्हाच ते मागे बसलेले होते," काका म्हणाले. "आम्हालाही आधी पाटाच गेला असं वाटलं. तीन मिस्त्र्यांनी पाटे काढून परत लावले. तिसरा तर पाया पडून गेला. मग हळूहळू आमच्या ध्यानात आलं. दार उघडलं की उतरतात. 'बसा' म्हटलं की बसतात. न बोलावता कधी आत येत नाहीत. मानी आहेत."

"आणि तुम्हाला... भीती नाही वाटली?"

"पहिले काही महिने मी गाडीकडे फिरकले नाही," काकू म्हणाल्या. "मग विचार केला, काय त्रास देतात हो? ना बोलणं, ना मागणं. नुसतं बसायचं. आम्हाला मूलबाळ नाही. दिवेलागणीला गाडी काढायची, मागे कोणीतरी बसलेलं आहे, आपण त्याला फिरवून आणतोय... बरं वाटायचं. आम्ही त्यांना पाहुणे म्हणतो. फक्त उंच असावेत. गुडघे लागायचे माझ्या पाठीला. म्हणून मी सीट पुढे घेतली ती घेतलीच."

चुंबकरावांना ती चकचकीत खाच आठवली. 

"नदीकाठच्या रस्त्यावर एक बंद पडलेला पेट्रोल पंप आहे," काका सांगत होते. "रोज तिथे उतरवायचं त्यांना. दार उघडायचं, उतरले की लावून घ्यायचं. ते जरा वेळ उभे राहतात. कोणाची तरी वाट बघत असावेत. मग तो कोटाचा वास परत आला, की समजायचं, आले. दार उघडायचं, 'बसा' म्हणायचं, आणि ताबडतोब लावायचं. दार उघडं टाकून रेंगाळायचं नाही."

"का?"

"काय माहीत. आम्ही कधी रेंगाळलो नाही."

काकूंनी पदरानं डोळे टिपले. "यांचे डोळे गेल्यापासून गाडी निघालीच नाही. संध्याकाळ झाली की आतून काच वाजते. टक... टक... टक. मी उशी कानावर घेऊन पडते. आणि आता त्या काचेच्या खोलीत नेऊन ठेवणार. घोड्यांवर चढवणार. तिथे दार कोण उघडणार हो? 'बसा' कोण म्हणणार? जन्मभर, नव्हे जन्मानंतरही, आत कोंडून राहायचं त्यांनी?" त्यांनी चुंबकरावांचा हात घट्ट धरला. "तुमच्या एका शब्दावर आहे सगळं. नकली आहे म्हणून लिहा. काचवाले नाद सोडतील. मी शोधीन कोणीतरी चालवणारा. एवढं एक खोटं लिहा..."

"अगं, शब्द दिलाय मी," काका म्हणाले, पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता.

 असल्या पेचात चुंबकराव कधी पडले नव्हते. नकली लिहावं, तर जन्मभराची पुण्याई पाण्यात. शिवाय इतक्या नेक गाडीला नकली म्हणायचं, जीभ झडेल. अस्सल लिहावं, तर या म्हातारीची संध्याकाळची झोप कायमची गेली, आणि तो आत बसलेला, कोण असेल तो... त्याचं काय? आणि डावी बाजू दोन बोटं खाली का, तेही लिहायला हवं. पाटे दबलेत म्हणून लिहिलं तरी ते खोटंच.

गाडीच्या आतून, मागच्या काचेवर, कोणीतरी नखानं वाजवलं. टक.

चुंबकराव बाकावरून अर्धवट उठले. पण गंमत बघा, भीतीच्या पाठोपाठ त्यांना दया आली. वाट बघून कंटाळलेल्या पोरानं दार वाजवावं, तसा तो आवाज होता.

"काका," ते सावकाश म्हणाले, "हे पाहुणे... दुसऱ्या गाडीत बसतील का?"

नवराबायको दोघंही त्यांच्याकडे वळले.

"कोणी विचारलंच नाही कधी," काका म्हणाले.

चुंबकरावांनी आपली छोटी गाडी मागे घेत घेत गॅरेजच्या तोंडाशी आणली. स्वतःचं मागचं डावं दार उघडून धरलं. काकांनी हिरव्या गाडीचं दार उघडलं. कर्रर्र. हिरवी गाडी वर आली. लोकरीचा वास पसरला.

"बसा," चुंबकराव म्हणाले. आवाज जरा चिरकला.

काही झालं नाही. वास तिथेच घुटमळत राहिला, काकूंच्या आसपास. काकूंनी समोर बघितलं, आपल्याहून थोडं वर, उंच माणसाच्या चेहऱ्याकडे बघावं तसं.

"जा," त्या म्हणाल्या. "माणूस चांगला आहे. खोटं बोलत नाही. रोज फिरायला नेईल." मग ओठ दाबून धरत पुढे म्हणाल्या, "आणि त्याच्या बायकोला गुडघे लावू नका फार."

छोटी गाडी एका बाजूला मचकन दबली. चुंबकरावांनी दार लावलं. काकू पुढे झाल्या आणि बंद काचेवर पंजा टेकवून उभ्या राहिल्या. आतून काचेवर तेवढ्याच जागी धुकं धरलं, ते सगळ्यांनी बघितलं. म्हणजे काका सोडून. काका आपल्या हिरव्या गाडीच्या टपावर हात फिरवत होते. "हलकी झाली गं," ते म्हणाले.

चुंबकरावांनी हिरव्या गाडीच्या दोन्ही फटींत हात घातला. सहा आणि सहा. मग बाकावर बसून त्यांनी लिहून टाकलं: गाडी अस्सल. पाटे मूळचे, शाबूत. गाडी सरळ उभी आहे. एकही शब्द खोटा नव्हता. निघताना काकूंनी त्यांना दाराशी थांबवलं आणि पोटच्या पोराला सांगावं तसं सांगितलं, "सांभाळा हं."

घरी येईपर्यंत चुंबकरावांनी आरशात बघितलं नाही. पण मन हलकं होतं. हातून काहीतरी बरं झालं, असं वाटत होतं. दारात गाडी लावली, पुढची डावी सीट ओढून पुढे घेतली, आणि बायकोला हाक मारली.

"चल गं, चक्कर मारू."

बायको दाण्यांची पुडी घेऊन आली, बसली आणि ओरडली, "अहो, सीट कोणी पुढे घेतली? मला काय डॅशबोर्ड खायचा आहे?" आणि तिनं सीट धाडकन मागे ढकलली.

चुंबकरावांना खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून ते काहीच बोलले नाहीत. सांगू सावकाश, त्यांनी ठरवलं. आधी गाडी बोलू दे.

नदीकाठच्या रस्त्यानं ते निघाले. दिवेलागण झाली होती, आभाळ राखी पडलं होतं. बायको शेजारणीच्या सुनेची गोष्ट सांगत होती आणि मधूनमधून त्यांच्या तोंडात दाणे भरत होती. बंद पंप आला. यंत्रांच्या नळ्या लोंबत होत्या, छपराचा एक पत्रा सुटून खाली आला होता. चुंबकरावांनी गाडी थांबवली.

"आता काय?"

"मागचं दार बघतो जरा," ते म्हणाले. हेही खरंच होतं.

त्यांनी दार उघडलं. गाडी वर उठली. खडीवर पावलं वाजली. मोजक्या, जड ढांगा, पंपाच्या दिशेनं. मग थांबली. दार लावून चुंबकराव उभे राहिले. नदीवरून ओलसर वारं येत होतं. त्या पडक्या छपराखाली कोणीतरी उभं आहे, वाट बघतंय, हे त्यांना न बघता कळत होतं, आणि नवल म्हणजे त्यांना भीती वाटत नव्हती. किती वर्षं रे बाबा, त्यांच्या मनात आलं. कोण येणार आहे तुझं?

थोड्या वेळानं वास आला. त्यांनी दार उघडलं. "बसा."

कर्रर्र.

आता दार लावायचं, एवढंच उरलं होतं. पण पारखी माणूस तो, खोड जाते कुठे? बसले की नाही, खात्री नको? दार तसंच उघडं टाकून ते मागे गेले, चार पावलं हटले आणि बघितलं.

गाडी सरळ उभी होती. डावीकडे जराही झुकलेली नाही.

म्हणजे बसलेच नाहीत. चुंबकराव बघत राहिले. दार उघडंच होतं. वास अजून येत होता, आणि त्यात आणखी एक वास मिसळला होता. तो त्यांना ओळखता आला नाही. गाडी पुन्हा एकदा बारीक करकरली आणि गप्प झाली. सरळच्या सरळ. गेले असतील, त्यांना वाटलं. ज्याची वाट बघत होते, तो भेटला असेल. त्यांना एकदम भरून आलं. एका दिवसाची ओळख, पण घरचं माणूस जावं तसं झालं. खाली वाकून फटीत हात घालावा, असं मनात आलं होतं. पण गुडघे दुखत होते, डोळ्यात पाणी होतं, आणि बायको हाका मारत होती.

"अहो, दार लावा की! गार वारं येतंय मेलं!"

त्यांनी दार लावलं आणि येऊन बसले. गाडी सुरू केली. परतीच्या वाटेवर थोडा चढ होता. तिथे इंजिन धापा टाकायला लागलं.

"आज जड का चालतेय हो?" बायको म्हणाली. "आपण दोघंच तर आहोत." मग ती चुळबुळली. पाठ इकडे केली, तिकडे केली. "आणि पाठीला काय टोचतंय माझ्या?" तिनं कुरकुरत सीट पुढे ओढली आणि पुन्हा दाणे खायला लागली.

चुंबकरावांचा चेहरा उजळला. म्हणजे आहेत! गेले नाहीत. उद्याही फिरायला येतील. ते मनात हसले. काकूंना उद्या फोन करून सांगायला हवं.

मग त्यांचं हसू जागच्या जागी थांबलं. डावीकडे ते बसलेले आहेत, तर गाडी सरळ कशी?

आणि तेवढ्यात, त्यांच्या स्वतःच्या पाठीला, सीटच्या मागून, हळूहळू दोन गुडघे टेकले. लहान होते. 

"दाणे घ्या ना," बायको म्हणाली.

चुंबकरावांनी एक हात खाली नेला आणि सीट पुढे घ्यायची कळ चाचपली. सीट नेहमीसारखीच होती, पार पुढे, पोट स्टेअरिंगला लागलेलं. पुढे जायला जागाच नव्हती.